आधी आच आणि पाणी, ओव्हनचे नंतर पाहू

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. घणसोलीत भाड्याच्या घरात राहायला येऊन तुम्हाला चार महिने झाले, कँटीनच्या जेवणाला कंटाळून तुम्ही स्वतः स्वयंपाक सुरू केला आणि आता तुमच्या तीन तक्रारी आहेत: भात एक दिवस गिच्च होतो तर दुसऱ्या दिवशी त्यात कणी राहते, डब्यातल्या पोळ्या दुपारपर्यंत पापडासारख्या होतात आणि रविवारी हौसेने केलेला केक मधोमध खचतो. त्यावर उपाय म्हणून नव्या पाककृती शोधाव्यात का आणि कोणता ओव्हन घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की इतक्यात दोन्ही नको. तुमच्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी आच आणि पाणी या दोनच गोष्टी आहेत आणि त्या हाताशी आल्याशिवाय चाळीस पाककृती पाठ केल्या तरी निकाल बदलणार नाही. गेली पंचवीस वर्षे ठाण्यात पाचपाखाडीच्या माझ्या स्वयंपाकघरात शेजारपाजारची, नात्यातली, नोकरीसाठी नव्याने आलेली मुले-मुली शिकून गेली आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाची गाडी याच दोन ठिकाणी अडलेली मी पाहिली आहे.

कुकरपासून सुरुवात करू. शिट्ट्या मोजून स्वयंपाक करण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, पण शिट्टी हे वेळेचे माप नव्हे. आच मोठी असेल तर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात आणि मंद असेल तर त्यांनाच बारा मिनिटे लागतात. डाळीला मात्र शिट्टीचा आकडा कळत नाही, तिला किती वेळ किती उष्णता मिळाली एवढेच कळते. कुकरमध्ये वाफ कोंडली गेल्यामुळे पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते आणि म्हणून अन्न लवकर शिजते. शिट्टी होते ती जास्तीची वाफ बाहेर पडते म्हणून. तिच्यामुळे आतले तापमान वाढत नाही, उलट तळातले पाणी तेवढे कमी होते. म्हणून तळात दोन पेले पाणी घालावे, पहिली शिट्टी होईपर्यंत आच मोठी ठेवावी, मग ती इतकी कमी करावी की शिट्टी मधूनच कधीतरी फुसफुसेल, आणि तिथून घड्याळ लावून दहा मिनिटे मोजावीत. डब्यातला कोलम भात आणि तुरीची डाळ एवढ्यात शिजते. त्यानंतर कुकर आपोआप पडू द्यावा. शिट्टी चिमट्याने उचलून वाफ काढली की आतला दाब एकदम उतरतो, डाळ उसळून झाकणाला लागते आणि जे पाणी भाताने सावकाश पिऊन घ्यायचे ते वाफ होऊन जाते. कणी राहण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

दुसरे कारण तांदूळच. तुम्ही लिहिले आहे की तांदूळ दर वेळी जवळच्या दुकानातून एक-एक किलो आणता. त्यात कधी जुना कोलम येतो, कधी नवा, कधी इंद्रायणी. जुन्या कोलमला वाटीस दोन वाट्या पाणी लागते; नव्याला पाव ते अर्धी वाटी कमी घालावे, कारण त्यात ओल शिल्लक असते. इंद्रायणी मऊ आणि चिकटच होणार, तो तुमचा दोष नव्हे. एका प्रकारचा पाच किलो तांदूळ घ्या आणि तो संपेपर्यंत दुसरा आणू नका, म्हणजे पाण्याचे माप एकदाच बसवावे लागेल. (आमच्या घरी वाड्याचा कोलम येतो. वाडा तालुका १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात गेला, तरी आमच्या सासूबाई अखेरपर्यंत त्याला ‘आपल्या जिल्ह्यातला तांदूळ’च म्हणत राहिल्या.) वरणाबद्दल एवढेच सांगते की चिंच, कोकम, टोमॅटो हे आंबट पदार्थ डाळ पूर्ण शिजल्यावर घालावेत, आंबटामुळे डाळ मऊ व्हायला फार वेळ घेते.

आता पोळी, कारण तुमचा खरा त्रास तिथे आहे. पापडासारखी पोळी पाहिली की सगळे जण पिठाला दोष देतात. माझ्या अनुभवात दहांपैकी आठ वेळा पीठ ठीक असते; कणीक घट्ट असते आणि तवा थंड असतो. एकदाच वजन करून पाहा: २०० ग्रॅम कणकेला १२० ते १३० मिलिलिटर पाणी लागते. चक्कीवर दळलेले पीठ मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, आणि ते पाणी पिण्यास त्याला वेळही लागतो. सुरुवातीला कणीक हाताला चिकटते, मग नवशिक्या माणूस घाबरून वर कोरडे पीठ घालतो आणि तिथेच सगळे बिघडते. चिकटली तर चिकटू द्यावी. एक मिनिट हात थांबवावा, मग चमचाभर तेलाचा हात लावून पुन्हा मळावी. चार-पाच मिनिटांत ती परातीची कड सोडते. त्यानंतर झाकून वीस ते तीस मिनिटे ठेवावी. पाणी मिळताच गव्हातल्या प्रथिनांचे धागे तयार होतात आणि मळल्यावर ते ताणलेले असतात. मुरल्यावर ते सैलावतात. मुरलेल्या कणकेत बोट दाबले की खळगा राहतो आणि अगदी सावकाश भरून येतो. खळगा झटकन भरून आला तर तिला आणखी वेळ द्या. न मुरलेली पोळी लाटताना आखडत जाते, आपण जोर लावतो, कड जाड आणि मध्य पातळ होतो आणि ती भाजतानाही सारखी भाजत नाही.

एवढ्या कणकेच्या आठ मध्यम पोळ्या होतात. तेल लावून, वर चिमूटभर पीठ भुरभुरवून घडी घातली तर पदर सुटतात. पण पहिले पंधरा दिवस घडीच्या नादी न लागता साधा फुलकाच करावा, असे मी सांगेन. लाटताना पिठी कमीत कमी वापरा, कारण पोळीला चिकटलेली जास्तीची पिठी तव्यावर जळते आणि पोळीतली ओल ओढून घेते.

तव्याबद्दल नीट लक्ष द्या. पोळी जळेल या भीतीने तुम्ही आच मंद ठेवता, असे तुमच्याच वर्णनावरून दिसते. प्रत्येक पोळीला तीन मिनिटे लागतात, असे तुम्ही लिहिले आहे. मंद तव्यावर पोळी भाजत नाही, वाळते. तिच्यातले पाणी हळूहळू निघून जाते आणि रंग यायच्या आतच ती कडक होते. तवा असा तापलेला हवा की पाण्याचा थेंब पडताच नाचत उडून जाईल. पहिली बाजू पंधरा-वीस सेकंद, फक्त रंग बदलून बारीक फोड दिसेपर्यंत. उलटल्यावर दुसरी बाजू तपकिरी ठिपके येईपर्यंत. मग पुन्हा उलटून कापडाने कडा दाबल्या की आतली वाफ पोळीला फुगवते. सगळे मिळून एक ते सव्वा मिनिट. उतरवलेली पोळी लगेच सुती कापडात गुंडाळावी आणि डब्यात भरण्यापूर्वी पाच मिनिटे तशीच राहू द्यावी, म्हणजे तिची स्वतःची वाफ तिला मऊ ठेवते आणि डब्याच्या झाकणाला पाणीही सुटत नाही.

इथे एक शंका आहे. तुमच्याकडे पाइप गॅस आहे आणि शेगडी तुम्ही गावाहून आणली आहे, जी तिथे सिलिंडरवर चालत होती. घनफळाच्या हिशेबात पाइपच्या गॅसमध्ये सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहून कमी उष्णता असते, म्हणून त्याच्या बर्नरच्या जेटचे, म्हणजे ज्यातून गॅस सुटतो त्या तोटीचे, छिद्र मोठे असावे लागते. शेगडी जोडताना जेट बदलले गेले नसतील तर आच पूर्ण सोडूनही ज्योत लहान आणि दुबळीच राहील, आणि मग तवा तापणार कसा? हे काम स्वतः करू नका. गॅस पुरवणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलावून तपासून घ्या. पोळीचे अर्धे दुखणे कदाचित तिथेच निघेल.

फोडणी आणि भाजीवर फार लिहीत नाही. मोहरी पूर्ण तडतडल्याखेरीज पुढचे काही घालू नका, नाहीतर ती कडवट लागते. हिंग-हळद मात्र शेवटी, कारण त्या दोन्ही काही सेकंदांत जळतात. कोरडी भाजी पाणी ओतून शिजवण्यापेक्षा झाकणावर ताटात पाणी ठेवून वाफेवर शिजवावी. वरच्या पाण्यामुळे झाकण गार राहते, आतली वाफ तिथे थिजून परत भाजीत पडते, आणि भाजी करपत नाही की पांचटही होत नाही. लागलेच तर ताटातले तेच कोमट पाणी दोन चमचे भाजीत घालता येते.

आता केक. मधोमध खचण्याची कारणे मोजकीच आहेत: बेकिंग पावडर जास्त पडली, मध्य कच्चा असताना भांडे बाहेर काढले, किंवा वीस मिनिटांच्या आतच झाकण उघडून पाहिले. बेकिंग पावडरीतून निघालेला वायू मिश्रण वर उचलतो, पण ते वर टिकते ते अंड्यातली प्रथिने आणि मैद्यातला स्टार्च घट्ट झाल्यावर. घट्ट होण्याआधी गार हवा लागली की छत कोसळते. पावडर जास्त घातल्यास केक भराभर वर येतो आणि तसाच खाली बसतो. १२५ ग्रॅम मैद्याला, म्हणजे साधारण एका कपाला, सपाट एक चहाचा चमचा पुरतो. आणि डब्यावरचे नाव वाचून घ्या. माझा पहिला केक मी बेकिंग पावडरीच्या ऐवजी तेवढाच सोडा घालून केला होता. रंग छान गडद आला, म्हणून मी खुशीत होते; पहिल्याच घासाला नणंदेने विचारले, ‘वहिनी, भांडे नीट विसळले होते ना?’ सोडा जास्त झाला की तोंडात साबणाची चव येते. सोड्याला दही, ताक, लिंबू असे आंबट काहीतरी सोबत लागते. पावडरीत आंबट घटक आधीच मिसळलेला असतो, एवढाच दोघांतला फरक आहे. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत उघडा डबा लवकर निकामी होतो, तेव्हा वापरण्यापूर्वी अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून पाहा. जोरात फसफसली नाही तर फेकून द्या.

पहिल्या केकसाठी वजनावर चालणारे एकच प्रमाण सांगते. दोन अंडी कवचाशिवाय तोला, साधारण १०० ग्रॅम भरतील; जेवढी भरतील तेवढाच मैदा, तेवढीच पिठीसाखर आणि तेवढेच लोणी घ्या, आणि मैद्यात सपाट पाऊण चमचा बेकिंग पावडर घालून चाळा. लोणी आणि साखर पांढरट व हलकी होईपर्यंत फेटा, अंडी एकेक करून घाला आणि शेवटी मैदा हलक्या हाताने मिसळा. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबा. इथे फेटत राहिलात तर पोळीला हवे असलेले तेच धागे केकमध्ये तयार होतात आणि तो चिवट होतो. पाककृतीत लोणी ‘खोलीच्या तापमानाचे’ घ्या असे लिहिलेले असते. ती खोली थंड देशातली असते. लोण्यात हवा धरून ठेवण्याची ताकद २० अंशांच्या आसपास सगळ्यात चांगली असते. मे महिन्यात घणसोलीच्या ओट्यावर तासभर ठेवलेले लोणी पातळ झालेले असेल आणि त्यात हवा राहणारच नाही. फ्रिजमधून काढून तुकडे करून दहा-पंधरा मिनिटे ठेवलेले पुरे. बोट दाबल्यावर खड्डा पडावा, पण बोटाला तुपकटपणा येऊ नये.

भाजायला तूर्त जाड बुडाची जुनी कढई आणि घट्ट झाकण वापरा. तळाला दोन वाट्या जाडे मीठ पसरा, त्यावर छोटे स्टँड ठेवा, मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा, मग सहा इंची भांडे आत ठेवून आच मंद करा. चाळीस मिनिटे झाकणाला हात लावू नका. नंतर मधोमध विणकामाची सुई खुपसून पाहा, ती कोरडी बाहेर आली की झाले. कुकरमध्येच करायचा असेल तर रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही आधी काढायला हव्यात. पण रोजचा कुकर पाण्याशिवाय तापवणे मला पसंत नाही, त्याची वाट लागते. कढईतल्या केकला वरून तपकिरी रंग फारसा येत नाही, कारण वरून उष्णता मिळत नाही. चवीत त्याने बिघडत नाही.

असे चार-पाच केक न खचता उतरले की ओव्हन घ्या, आणि घ्याल तेव्हा साधा ओटीजी (ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेला विजेचा ओव्हन) घ्या. निव्वळ मायक्रोवेव्हमध्ये केक फुगतो, पण भाजला जात नाही. खरेदीपूर्वी घरातला प्लग पाहा: सहा अँपिअरच्या लहान सॉकेटवर सुमारे १३८० वॅटच्या पुढचे काही चालवू नये, आणि बरेच ओटीजी त्या मर्यादेच्या आसपास किंवा वर असतात, म्हणून सोळा अँपिअरचा मोठा सॉकेट हवाच. भाड्याच्या घरात तो कधीकधी फक्त फ्रिजच्या मागे असतो. ओव्हनसोबत आत ठेवायचा थर्मामीटरही घ्या. माझ्या ओव्हनचा खटका १८० वर असताना आत १६५ अंश असतात, हे मला दोन वर्षांनी कळले, आणि तोपर्यंत मी प्रत्येक केकला दहा मिनिटे जास्त देत होते आणि पाककृती लिहिणाऱ्यांना नावे ठेवत होते.

तोवर शेगडीचे जेट तपासून घ्या आणि आठवडाभर रोज कणकेचे वजन, पाण्याचे माप आणि एका पोळीला लागलेला वेळ वहीत लिहून ठेवा. तरीही पोळ्या कडक झाल्या तर ते आकडे इथे कळवा; फोटोवरून मला काही सांगता येणार नाही, आकड्यांवरून येईल.