सेल्फीतलं नाक

"आरशात मी बरी दिसते, पण फोटोत माझं नाक केवढं!" ही तक्रार हल्ली तरुण मुलामुलींकडून वरचेवर ऐकते. नेहा (नाव बदललंय) माझ्याकडे समुपदेशनासाठी आली तेव्हा तिने नाकाच्या शस्त्रक्रियेचा खर्चही काढून ठेवला होता. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली होती. आई म्हणाली, "मॅडम, हिच्या डोक्यात काय शिरलंय कोण जाणे! आमच्याकडे सगळ्यांची नाकं अशीच आहेत." यातून दिलासा कसा मिळावा, ते आईच जाणे.

"छान दिसतेस" हे ऐकून नेहाचे कान किटले होते. म्हणून मी तिच्याच फोनवर दोन फोटो काढले, एक फूटभर अंतरावरून आणि दुसरा पाच फुटांवरून, झूम करून. पहिल्यात नाक पुढे आलेलं, कान गालांआड गेलेले. दुसऱ्यात चेहरा एकदम सपाट.

"मग खरी मी कुठली?"

नाकाचा शेंडा कानांपेक्षा चार-पाच इंच पुढे असतो. लेन्स फूटभरावर असली की तेवढाच फरक फार मोठा होतो. २०१८ साली अमेरिकी संशोधकांनी याचं गणित मांडलं: १२ इंचांवरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद भासतं, पाच फुटांवर फरक जवळपास उरत नाही. आरशाचं वेगळंच. आरशापासून दोन फुटांवर उभं राहिलं तर प्रतिबिंब आपल्यापासून चार फुटांवर असतं, म्हणून त्यात नाक तेवढं मोठं भासत नाही. त्यात नेहाच्या फोनमध्ये ब्यूटी फिल्टर कायम चालू. नाक बारीक करून दाखवणाऱ्या त्या चेहऱ्याची सवय झाल्यावर साधा कॅमेरा बोचणारच.

हे पटलं म्हणून चिंता लगेच गेली नाही, जातही नाही. खरा त्रास ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये होता. समोरचा काय बोलतोय यापेक्षा तिचं लक्ष स्वतःच्या चौकटीकडे. ती चौकट लपवायची, फिल्टर बंद ठेवायचा, फोटो मोठा करून नाक तपासायचं नाही आणि शस्त्रक्रियेचा निर्णय तीन महिने घ्यायचा नाही, एवढं ठरवलं. पहिले काही दिवस तिला जड गेले. नाक तिला अजूनही जरा मोठंच वाटतं, पण शस्त्रक्रियेची चौकशी थांबलीय.

प्रत्येकाचं एवढ्यावर भागत नाही. दिवसाचे तास चेहरा तपासण्यात जात असतील, बाहेर पडणं टाळलं जात असेल, तर बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे दिसण्यातला नसलेला किंवा किरकोळ दोष सतत मनाला छळत राहण्याचा विकार, असू शकतो. तेव्हा प्लास्टिक सर्जनच्या आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. त्यावर उपचार आहेत.