क्लेमचे ७५ हजार उरलेत, ठेवू का?

यावल तालुक्यातल्या एका शेतकरी भाऊंचा प्रश्न आहे. गेल्या वर्षी ६ जूनच्या वादळात त्यांच्या घराचे पत्रे उडाले आणि मागची भिंत बसली. घराचा विमा होता. सर्व्हेअरने नवीन करायचा खर्च ६ लाख ४० हजार धरला आणि कंपनीने ऑक्टोबरमध्ये ४ लाख १० हजार खात्यात टाकले. मेव्हणे मिस्त्री, जुन्या धाब्याच्या छताचं सागवान घरातच पडून होतं, म्हणून आतापर्यंतचं काम ३ लाख ३५ हजारांत झालं. ७५ हजार उरले. ते ठेवले तर गुन्हा होईल का, आणि एजंट म्हणतोय बाकीचे २ लाख ३० हजारही काढून देतो, फक्त हार्डवेअरवाल्याकडून बिलं बनवून आणा, तर आणू का?

वादळाचा सीझन जवळ आला की रावेर, चोपडा, मुक्ताईनगर, सगळीकडून हाच प्रश्न येतो, फक्त आकडे वेगळे. विमा नफ्यासाठी नसतो वगैरे मी परत सांगत बसत नाही.

भाऊ, तुम्ही कंपनीच्या पत्राचा फोटो पाठवलाय, घडीवर चहाचा डाग पडलेला. त्या डागाच्या बरोबर खालची ओळ वाचली का तुम्ही? मला नाही वाटत. तिथे लिहिलंय की ४ लाख १० हजार ही मार्केट व्हॅल्यूने, म्हणजे घसारा (घर जुनं झाल्याची घट) कापून दिलेली रक्कम आहे, आणि पुढची रक्कम रीइन्स्टेटमेंट क्लॉजप्रमाणे, म्हणजे काम खरोखर पूर्ण करून खर्च दाखवल्यावर. तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर या एका ओळीत आहे.

पहिली रक्कम तुमच्या झालेल्या नुकसानीची भरपाई आहे. तुमची जुनी भिंत, जुने पत्रे पडले त्या दिवशी जेवढ्या किमतीचे होते तेवढे पैसे मिळाले. मेव्हण्यांनी स्वस्तात काम केलं, सागवान घरचं निघालं, ती बचत तुमची. नुकसान खरं सांगितलं असेल तर माझ्या मते ते ७५ हजार तुमच्याकडे राहू शकतात, त्यात गुन्हा नाही. पण पॉलिसीवर बँकेचं नाव आहे का ते बघा. घराचं कर्ज चालू असेल आणि बँक क्लॉज असेल तर पैशावर पहिला हक्क बँकेचा, मग पैसे थेट तुमच्या खात्यात कसे आले हे बँकेत जाऊन आधी विचारा. टॅक्सचं तुमच्या सीएला दाखवा, आग-पुराच्या विम्याच्या पैशावर कॅपिटल गेन, म्हणजे मालमत्तेच्या नफ्यावरचा कर, लागू शकतो, तुमच्या बाबतीत बहुतेक काही निघणार नाही पण मी खात्री देत नाही.

आता २ लाख ३० हजार. इथे लोक चुकतात. त्यांना वाटतं ७५ हजार खिशात आणि वर हेही मिळणार. तसं नसतं भाऊ. दुसरा हप्ता म्हणजे एकूण खरा खर्च वजा आधी मिळालेले पैसे, ६ लाख ४० हजारांच्या मर्यादेत. तुमचा खर्च ३ लाख ३५ हजार, मिळाले ४ लाख १०, म्हणजे आज कंपनीकडे मागायला एक रुपया नाही. पण तुम्हीच खाली लिहिलंय की मागच्या खोलीवर अजून ताडपत्रीच आहे, तिचं काम १ लाख ८० हजारांचं. ते केलं तर एकूण खर्च ५ लाख १५ हजार होतो आणि १ लाख ५ हजार तुम्ही हक्काने मागू शकता. त्या हिशोबात ते ७५ हजार आपोआप खोलीत जातात. म्हणजे एकतर इथेच थांबून ७५ हजार ठेवा नाहीतर खोली बांधून १ लाख ५ हजार मागा.

आणि हे ठरवायला तुमच्याकडे वेळ फार थोडा आहे, यावर मला खरंच राग येतोय. क्लॉजमध्ये काम पूर्ण करायला १२ महिने दिलेत आणि ते मोजायचे नुकसान झालं त्या दिवसापासून, पैसे आले त्या दिवसापासून नाही. तुम्ही ऑक्टोबरपासून मोजत बसलात. मुदत संपते ६ जूनला आणि तुम्ही मला विचारताय एप्रिलच्या शेवटी! मुदतवाढ मिळू शकते, पण कंपनीने लेखी दिली तरच, एजंटने फोनवर 'होईल हो' म्हटलं ते शून्य.

बिलं बनवायचा तर विचारही करू नका. माझ्याकडे एक केस आली होती, मार्चचं बिल नंबर ४११ आणि जूनचं ४१२, दोन्ही एकाच दुकानाचे. तीन महिन्यांत त्या दुकानाने दुसरं काही विकलंच नाही का? सर्व्हेअरला एवढंच पुरतं. मग पॉलिसीच्या अटीप्रमाणे सगळाच क्लेम बाद होतो, म्हणजे मिळालेले ४ लाख १० हजारही परत मागतील, आणि फसवणुकीची फिर्याद होऊ शकते ती वेगळी, पूर्वीचं ४२० आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. एजंटचं नाव त्या बिलांवर कुठेच नसेल, सही तुमची असेल.

हे वाचून दुसऱ्या कोणी स्वतःच्या क्लेमला हाच हिशोब लावू नका. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा ही ठरलेली पॉलिसी आली, तिच्यात दुरुस्तीचा खर्च आधी करा आणि तो मागा अशी भाषा आहे, तिथे उचल घेऊन पैसे उरले तर कंपनी हिशोब मागू शकते.

कंपनीने उद्या खरा खर्चही नाकारला तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा, फी नाही, वकील लागत नाही, नकार मिळाल्यापासून १ वर्षाच्या आत. जिल्हा ग्राहक आयोगाला २ वर्षं असतात. तिथे कायद्यात ३ महिन्यांत निकाल लिहिलाय, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि माणूस थकून तडजोड करतो, म्हणून शक्यतो तिथपर्यंत जाऊ नका.

खोली बांधायची असेल तर आजच कंपनीला मेल टाका: क्लेम नंबर, काम कुठवर आलंय, ताडपत्रीचा फोटो, आणि ६ जूनच्या पुढे ६ महिने मुदतवाढ लेखी द्यावी. ब्रँचमध्ये छापील प्रत देऊन पोच घ्या. मेव्हण्यांची मजुरी इथून पुढे खात्यावरून द्या आणि त्यांच्याकडून सहीची पावती घ्या, घरचा माणूस म्हणून सोडू नका. काम न थांबवता सुरू करा, मुदतवाढ येईलच असं धरून बसू नका.