वाचकांचे प्रश्न : नंदादेवीचे आतले खोरे बंद का?

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात गोविंदघाटमार्गे फुलांच्या दरीत जाऊन आलो. घांघरियाच्या पुढे चौकीवर शुल्क भरले की आत सोडतात. त्याच जीवावरण राखीव क्षेत्रातल्या नंदादेवीच्या पायथ्याशी मात्र कोणालाच जाऊ देत नाहीत, असे तिथे समजले. हा भेद का? आणि त्या बंद भागात प्राणी तरी कोणते आहेत?
— एक वाचक, सातारा

उत्तर : उत्तराखंडातली नंदादेवी (७,८१६ मीटर) एखाद्या उघड्या रांगेतले शिखर नाही. तिच्याभोवती सुमारे ११० किलोमीटर घेराचे शिखरांचे कडे आहे आणि ते क्वचितच ५,५०० मीटरच्या खाली उतरते. आतल्या हिमनद्यांचे सगळे पाणी ऋषीगंगेच्या एकाच अरुंद घळीतून बाहेर पडते आणि रैणी गावाजवळ धौलीगंगेला मिळते. या घळीतून आत पोहोचण्याची वाट १९३४ साली शिप्टन आणि टिलमन या ब्रिटिश गिर्यारोहकांना सापडली, आणि दोनच वर्षांनी टिलमन व ओडेल यांनी शिखर गाठले. त्यापूर्वी या खोऱ्याची राखण भूगोलच करत होता. १९३९ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला.

खरे नुकसान १९७४ नंतर झाले. त्या वर्षी गिर्यारोहकांना आत जाण्यास मुभा मिळाली आणि काही वर्षांतच मोहिमांची रीघ लागली. घळीत फर, भोजपत्र आणि बुरांसची (ऱ्होडोडेंड्रॉनची) दाट झाडी आहे. पण आत रमणी नावाच्या जागेच्या पुढे हवा कोरडी होत जाते आणि जुनिपरची खुरटी झुडपेच काय ती उरतात. थंडीमुळे ही झुडपे अतिशय सावकाश वाढतात. हमाल आणि आचारी यांच्या चुली याच झुडपांवर पेटत होत्या, त्यामुळे एका हंगामात जळून गेलेले भरून यायला किती काळ लागेल, याचा अंदाज आपण करू शकता. त्यात कचरा साचला आणि कस्तुरीसाठी चोरट्या शिकारी होऊ लागल्या. म्हणून १९८२ साली राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि पुढच्या वर्षापासून गिर्यारोहण व चराई दोन्ही बंद झाली. जीवावरण राखीव क्षेत्राची आणि जागतिक वारसास्थळाची मान्यता १९८८ सालची. फुलांची दरी त्या वारसास्थळात २००५ साली जोडली गेली. तिथे रोज सकाळी जाऊन संध्याकाळच्या आत परत यावे लागते, मुक्काम नाही आणि चूलही नाही. दोन ठिकाणांना दोन नियम असण्याचे कारण मुख्यतः हेच आहे.

आत हिमबिबट्या, काळे अस्वल, हिमालयी थार आणि सराव हे रानबकऱ्यासारखे प्राणी, कस्तुरीमृग आणि मोनाल हा रंगीत पक्षी आहेत. नर कस्तुरीमृगाला शिंगे नसतात. त्याऐवजी वरच्या जबड्यातून खाली आलेले दोन बारीक सुळे ओठाबाहेर दिसतात, आणि पोटाखालच्या कस्तुरीच्या ग्रंथीपायी त्याचा जीव जातो. भरल, म्हणजे निळी रानमेंढी, सर्वांत सहज दिसणारा प्राणी, असे म्हणतात खरे, पण त्याची निळसर-राखाडी कातडी ढासळलेल्या दगडांत अशी मिसळते की तो थबकून उभा राहिला तर समोर असूनही हलेपर्यंत कळत नाही. हिमबिबट्याचे हेच मुख्य भक्ष्य, त्यामुळे भरलांची कुरणे टिकली तर तोही टिकतो.

बंदी योग्यच होती, असे माझे स्पष्ट मत आहे. तिची किंमत मात्र लाता आणि रैणी यांसारख्या गावांतल्या भोटिया या डोंगरी जमातीच्या कुटुंबांनी मोजली, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवे. उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्या चारायची वरची कुरणे गेली, औषधी मुळ्या गोळा करणे थांबले, मोहिमांबरोबर मिळणारी मजुरीही बुडाली. आणि ही गावे कोणती, तर ज्या रैणीत २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि गावातल्या बायका चिपको आंदोलनात झाडे तोडायला आलेल्या ठेकेदाराच्या माणसांसमोर झाडांना कवटाळून उभ्या राहिल्या, तेच हे गाव. ज्यांनी हे जंगल वाचवले त्यांनाच आधी विचारायला हवे होते.

आपल्याला त्या बाजूला जायचे असल्यास जोशीमठहून लाता गाठावे. तिथून वरच्या कुरणांपर्यंत वनविभागाच्या परवान्याने, मर्यादित संख्येत जाता येते. वाटाड्या आणि मुक्काम गावातलाच घ्यावा, म्हणजे कुरणे गमावलेल्या घरांत थोडा तरी पैसा जाईल.