घाट चढायचाय म्हणून दीड लिटर?

साताऱ्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "वय 31, एमआयडीसीत नोकरी, हातात पगार 52,000. साठलेले 4 लाख, बाकी काही नाही. पहिलीच गाडी. एकीकडे 1199 सीसीची नेक्सॉन पेट्रोल, दुसरीकडे 1462 सीसीची ब्रेझा. महिन्यातून दोनदा आई-वडिलांना घेऊन यवतेश्वरचा घाट चढून बामणोलीला जातो, येताना तांदळाची पोती असतात. मित्र म्हणतात, घाटाला दीड लिटरच हवं. शोरूमवाला म्हणतो, हप्ता दोन्हीचा साडेचौदा हजारच. काय करू?"

मित्रांपासून सुरुवात करू. सीसी म्हणजे ताकद नव्हे, माप. रंगपंचमीची पिचकारी आठवा. दट्ट्या खालून वरपर्यंत जाताना जेवढी जागा व्यापतो, तेवढे एका सिलिंडरचे सीसी. मारुतीच्या जुन्या स्विफ्टमधल्या 1197 सीसीच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास 73 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 71.5, म्हणजे एकाचे सुमारे 299 घन सेंटिमीटर, म्हणजेच सीसी. असे चार.

पण त्या जागेत हवा किती कोंबली, हे सीसी सांगत नाही. टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा, तेच काम करतो. म्हणून तुमच्या यादीतली छोटी, टर्बोवाली नेक्सॉन 120 पीएस ताकद आणि 170 न्यूटन-मीटर जोर देते, तर मोठी, बिनटर्बोची ब्रेझा 103 पीएस आणि 137 च्या आसपास. शिवाय टर्बोचा जोर इंजिनाच्या कमी फेऱ्यांपासूनच मिळतो, आणि भरल्या गाडीला चढावर तोच लागतो. घाटाचा मुद्दा इथेच निकाली निघाला.

सीसी खरं बघतं ते सरकार. 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी 18 टक्के. यातली एक जरी अट मोडली की 40. ब्रेझा लांबीत बसते, सीसीत अडकते. समजा दोन्हींची करापूर्वीची किंमत 8 लाख आहे. एक 9.44 लाखांना पडेल, दुसरी 11.20 ला. वर 10 लाखांच्या पुढे गेलं की आपल्याकडे पेट्रोल गाडीचा रोड टॅक्सही 11 वरून 12 टक्के होतो. थर्ड पार्टी विम्यात मात्र फरक नाही, कारण 1000 ते 1500 सीसीचा टप्पा एकच आहे. 2022 च्या दरांनी नव्या गाडीला तीन वर्षांचे 10,640.

आता तो "सारखा हप्ता". मी आकडे मांडून बघितले. 9 टक्क्यांनी 7 लाख पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता 14,531. 9 लाख सात वर्षांसाठी घेतले तर 14,480. हप्ता सारखाच, पण व्याज पहिल्यात 1.72 लाख, दुसऱ्यात 3.16 लाख. मुदत किती, हे तुम्ही विचारलं नसणार आणि शोरूमवाल्यानेही आपणहून सांगितलं नसणार. सातव्या वर्षी गाडी जुनी झालेली असेल आणि हप्ता चालूच.

म्हणून माझं मत 1199 सीसीच्या बाजूने आहे, पण महागडं मॉडेल नको. सनरूफ बामणोलीच्या पावसात उघडणार कधी? खालचं मॉडेल बघा, 3 लाख भरा, कर्ज 6 लाखांवर थांबवा. पाच वर्षांचा हप्ता 12,455 येईल, पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या आत. उरलेला 1 लाख बँकेत राहू द्या. दवाखान्याचा खर्च आधी विचारून येत नाही, आणि तुमच्या घरात दोन ज्येष्ठ माणसं आहेत. टर्बोला ऑइल बदलायची तारीख चुकवायची नाही, तेवढा खर्चही हिशेबात धरा.

आणि सही करण्याआधी टेस्ट ड्राइव्ह पोवई नाक्यावर चक्कर मारून उरकू नका. आई-वडिलांना मागे बसवा, डिकीत दोन पोती टाका, एसी लावा आणि यवतेश्वर चढून या. शोरूमवाला कुरकुरेल, कुरकुरू द्या.