जुना मदरबोर्ड आधी ताब्यात घ्या

प्रश्न : मी नाशिकच्या इंदिरानगरला राहतो आणि अंबड-सातपूरमधल्या लहान कारखानदारांचे हिशेब घरूनच पाहतो. बंद पडलेला लॅपटॉप दुरुस्तीला दिला असता दुकानदाराने मदरबोर्ड बदलला. आता सुरू करताच बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधील सुविधेची) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती माझ्याजवळ नाही. दुकानदार फॉरमॅट करून देतो म्हणतो. डेटाची जबाबदारी आपली नाही असे जॉब-शीटवर (दुरुस्तीच्या पावतीवर) छापले असल्याचे सांगतो. नुकसानभरपाई मिळेल का?

उत्तर : भरपाईआधी जुन्या मदरबोर्डची काळजी करा. डिस्कचे कुलूप बहुधा त्याच बोर्डावरील सुरक्षा-चिपशी बांधलेले आहे. चिप-लेव्हल काम (बोर्डावरील सुट्या चिपांची दुरुस्ती) करणाऱ्या कारागिराने तो बोर्ड थोडा वेळ जरी चालू केला, तरी डेटा मिळण्याची आशा उरते. तो भंगारात गेला की ही वाट बंद होते. दुरुस्तीला दिलेली वस्तू आपल्याच मालकीची राहते आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ व १६० नुसार तिची वाजवी काळजी घेणे व काम झाल्यावर ती परत करणे दुकानदारावर बंधनकारक आहे. म्हणून आजच ईमेलने आणि स्पीड पोस्टाने लेखी कळवा, की जुना बोर्ड परत द्यावा आणि डिस्कला हात लावू नये. त्यानंतरही डिस्क पुसली गेली, तर परवानगीशिवाय माहिती नष्ट केल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली स्वतंत्र दावा करता येईल.

लॅपटॉप प्रथम सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केले, ते घरातल्या दुसऱ्या कुणाचे असले तरी, तपासा. रिकव्हरी की अनेकदा तिथेच जतन झालेली असते. हरवलेली की कंपनी नव्याने बनवून देऊ शकत नाही आणि ग्राहक आयोगाच्या आदेशानेही डिस्क उघडणार नाही.

भरपाईसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे, कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत, तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. लॅपटॉप धंद्यासाठी होता असा आक्षेप येईल. स्वयंरोजगारातून उपजीविका हा कायद्यानेच मान्य केलेला अपवाद आहे, आणि आपण एकट्याने काम करता हे त्यासाठी दाखवावे लागेल. निकाल मात्र, माझ्या मते, एकाच गोष्टीवर फिरेल : बोर्ड बदलण्यापूर्वी दुकानदाराने रिकव्हरी की आहे का हे विचारले होते का? नसेल, तर सेवेतील त्रुटीचा मुद्दा बळकट आहे आणि छापील ओळीने तो आपोआप मिटत नाही. त्या ओळीखाली आपली सही असल्यास मात्र तिचे वजन पडेल, हे गृहीत धरा.

आपली कमकुवत बाजूही सांगितली पाहिजे. जीएसटी नियम ५७ प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींचा बॅकअप ठेवायचा असतो आणि हिशेब, वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून, ७२ महिने जपायचे असतात. ही जबाबदारी त्या कारखानदारांची असली, तरी बॅकअप का नव्हता हे आयोगात आपल्यालाच विचारले जाईल. त्यांना झाला प्रकार लेखी कळवा आणि भरलेली विवरणपत्रे जीएसटी पोर्टलवरून उतरवून घ्या.

दुकानदाराशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुसू नका. ते पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायचे) प्रमाणपत्र लागेल, तेव्हा तो फोन तक्रार निकाली निघेपर्यंत बदलू नका.