न केलेल्या कामाची मुदत कशी सांगावी?

प्रश्न : मी एका पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळते. जुन्या प्रणालीतील खातेदारांची सर्व माहिती नव्या प्रणालीत नेण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आमच्यापैकी कोणीही असे काम केलेले नाही, तरी संचालक मंडळाला पुढच्याच सभेत पूर्ततेची तारीख हवी आहे. काय सांगावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पुढच्या सभेत काम संपण्याची तारीख देऊ नका, ती तारीख केव्हा देता येईल, तेवढे ठामपणे सांगा. त्यासाठी दोन आठवडे मागून घ्या आणि एकाच शाखेतील थोडी खाती प्रत्यक्ष नव्या प्रणालीत नेऊन पाहा. जुन्या फॉन्टमधील नावे युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे बिघडतात, एकाच सभासदाचे दोन क्रमांक निघतात, कुठे वारसाची नोंदच नसते आणि शिल्लक जुळवताना पैशांचा फरक राहतो. यांतले आपल्याकडे नेमके काय आणि किती आहे, ते टेबलाशी बसून कळत नाही.

त्यानंतर तीन अंदाज लिहा : सर्व सुरळीत झाल्यास, नेहमीप्रमाणे झाल्यास आणि अडचणी आल्यास. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी 1958च्या सुमारास आखलेल्या ‘पर्ट’ पद्धतीत मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन बेरजेला सहाने भागतात. समजा, अंदाज 3, 5 आणि 13 आठवड्यांचे आहेत. तर उत्तर 6 आठवडे येते, मधल्या अंदाजापेक्षा एक आठवडा जास्त.

मात्र तिसरा अंदाज स्वतःच्या मनाने लिहू नका, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. 1994मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे 34 दिवसांत, आणि सगळेच बिघडले तर सुमारे 49 दिवसांत होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवसांहून अधिक लागले. स्वतःच्या कामाविषयी आपली वाईटात वाईट कल्पनासुद्धा अशी तोकडी पडते. म्हणून ज्या पतसंस्थांनी हे स्थलांतर आधी केले आहे, त्यांना पहिली ठरलेली आणि प्रत्यक्ष पूर्ततेची अशा दोन्ही तारखा विचारा, आणि तिसरा आकडा तिथून घ्या.

वाढीव दिवस गुपचूप धरून ठेवू नयेत, असे माझे मत आहे, कारण ते उघड झाले की पुढचा प्रत्येक अंदाज मंडळ कापूनच वाचते. ‘सहा ते दहा आठवडे’ असा पल्ला सांगा आणि तो ज्या अटींवर उभा आहे, त्या (शाखांकडून दुरुस्त्या वेळेवर येणे, सॉफ्टवेअर पुरवठादाराचा माणूस उपलब्ध असणे) सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. मार्चअखेरीच्या आठवड्यांत या कामाचा कोणताही टप्पा ठेवू नका.