पोटनिवडणुकीतलं ‘पोट’

वणीकडच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: ‘पोटनिवडणूक’ हा एक शब्द की दोन, आणि मुलांना त्याऐवजी ‘उपनिवडणूक’ शिकवलं तर बिघडलं काय? त्यांचे एक सहकारी तर फळ्यावर सरळ ‘फेरनिवडणूक’ लिहितात म्हणे.

आधी त्या ‘फेर’चा निकाल लावू. २०१९ पासून तो माझ्या कानात ठणकतोय. त्या वर्षी आमच्या काटोलात आमदाराच्या राजीनाम्यानं रिकामी झालेली जागा भरायची होती. चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, जो तो एकच बोले, “फेरनिवडणूक लागली म्हन्ते ना भाऊ?” कशाची फेर? २०१४ ची निवडणूक कुणी रद्द केली होती का? ‘फेर’ म्हणजे तीच गोष्ट पुन्हा करणं, जशी फेरमोजणी, फेरतपासणी, फेरपरीक्षा. झालेली निवडणूक रद्द ठरली आणि पुन्हा घ्यावी लागली तरच ती फेरनिवडणूक. आमदार वारला, त्यानं राजीनामा दिला किंवा तो अपात्र ठरला, तर त्याची निवडणूक खोटी ठरत नाही, फक्त जागा रिकामी होते. ती भरायला घेतात ती पोटनिवडणूक.

दोन्ही शब्द शेजारीशेजारी पाहायचे असतील तर भंडारा-गोंदिया आठवा. जागा लोकसभेची होती, पण शब्द तेच. २८ मे २०१८ ला पोटनिवडणूक झाली. व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी दाखवणारी यंत्रं, बंद पडली म्हणून ३० मे ला ४९ केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावं लागलं. ते फेरमतदान. दोन दिवसांत दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, आणि आपली माणसं दोन्हींना एकच नाव देत होती.

आता ‘उप’. हिंदी बातम्यांत ‘उपचुनाव’ ऐकायचं आणि त्याचं शेपूट बदलून ‘उपनिवडणूक’ करायचं, ही सवय नागपूरपासून गोंदियापर्यंत बोकाळली आहे. उप म्हणजे जवळचा किंवा हाताखालचा, जसा उपसरपंच, उपअभियंता. ही निवडणूक कुणाच्या हाताखाली आहे? हिच्यातून निवडून येणारा आमदार पूर्ण आमदार असतो. त्याचं मत विधानसभेत इतरांइतकंच मोजलं जातं.

कोशवाले इथंच घसरतात. ‘पोट-’ म्हणजे गौण, दुय्यम, असं एका ओळीत लिहून मोकळे होतात. मला हे साफ अमान्य आहे. मी तहसीलसमोर बसणारा अर्जनवीस. आयुष्य सातबारे वाचण्यात गेलं, आणि माझं ठाम मत आहे की हा ‘पोट’ समजायचा तर शेतात उतरावं लागतं.

माझ्या काकांचा सातबारा घ्या. एकूण क्षेत्र २.०२ हेक्टर, लागवडीयोग्य १.८७, पोटखराबा ०.१५. हा पोटखराबा म्हणजे काय? नाला, दगडाची टेकडी, विहिरीभोवतीची जागा. ती शेताच्या शेजारी नसते, शेताच्या हद्दीत असते आणि एकूण क्षेत्रात मोजलेली असते. जमिनीच्या गटाचा पोटहिस्सा तसाच, गटाच्या चतुःसीमेच्या आत. घराच्या आढ्याखाली पोटमाळा, तोही घराच्या आतच. म्हणजे पोट- चा अर्थ ‘लहान’ किंवा ‘दुय्यम’ होत नाही. अर्थ आहे ‘मोठ्याच्या आत सामावलेला, त्याच्या हद्दीनं बांधलेला’. दुय्यमपणा कधी कधी त्यातून निघतो, पण मूळ अर्थ तो नव्हे.

सगळ्यात बोलका पोटभाडेकरू. मूळ भाडेकरूच्या कराराच्या आत त्याचा करार. मूळ मुदत संपली की त्याचीही संपली. नेमकं हेच पोटनिवडणुकीत होतं. विधानसभेची मुदत पाच वर्षांची. पोटनिवडणुकीत जिंकलेल्याला नवी पाच वर्षं मिळत नाहीत, विधानसभेच्या मुदतीत जेवढं उरलं तेवढंच त्याचं. सार्वत्रिक निवडणुकीच्या पोटातली ही निवडणूक. ज्यानं हा शब्द घडवला त्याला मराठी जमीन ठाऊक होती, असं मी बिनदिक्कत म्हणतो.

कायदासुद्धा माझ्याच बाजूनं बोलतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १५१-अ: जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची, पण सदस्याची उरलेली मुदत वर्षाहून कमी असेल तर हे बंधन नाही. काटोलची पोटनिवडणूक लोकसभेच्या मतदानाबरोबर ११ एप्रिल २०१९ ला ठरली होती आणि विधानसभेची नेहमीची निवडणूक त्याच वर्षी यायची होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती थांबवली. पुढं २०२४ मध्ये अकोला पश्चिमची पाळी आली. आमदार गोवर्धन शर्मा नोव्हेंबर २०२३ मध्ये वारले, मतदान २६ एप्रिलला होईल असं जाहीर झालं, आणि त्याच खंडपीठानं तीही रद्द केली. मुद्दा तोच: निवडून येणाऱ्याला वर्षसुद्धा मिळत नव्हतं. मूळ मुदतीच्या पोटात जागाच उरली नाही, तर तिथं पोटनिवडणूक बसवायची कुठं?

आमच्या धंद्यातला आणखी एक पोट: “इसारापोटी रुपये पन्नास हजार रोख मिळाले.” इसार म्हणजे सौदा पक्का करायला आधी दिलेली रक्कम. रागापोटी, कर्जापोटी, इसारापोटी. एक गोष्ट दुसरीच्या आतून निघते. ह्यालाही ‘गौण’ म्हणणार का?

आणि मूळ शब्द? जैन आचार्य हेमचंद्रानं १२व्या शतकात देशीनाममाला ह्या आपल्या देशी शब्दांच्या कोशात ‘पोट्ट’ म्हणजे उदर असं नोंदवलंय. देशी, म्हणजे संस्कृतातून ज्याची वाट सापडत नाही असा. वणीच्या बाईंना तेलंगण काही लांब नाही. पलीकडं तेलुगूत पोटाला ‘पोट्ट’च म्हणतात. भाताचं कणीस पानाच्या आवरणात फुगलं की तिथला शेतकरी म्हणतो, पीक ‘पोट्ट दशे’त आलं. आपली ज्वारी त्या वेळी पोटरीत येते. पहाटे शेतात जाऊन त्या फुगीर पोंग्याला बोट लावून पाहा, कणीस आत जाणवतं, दिसत मात्र नाही. दोन भाषांतल्या शेतकऱ्यांनी त्याला एकच नाव दिलंय, याचा मला आजही हर्ष होतो.

वऱ्हाडातला ‘पोट्टा’, म्हणजे पोरगा, संस्कृत ‘पोत’ म्हणजे पिलू, ह्यावरून आला असं काही विद्वान सांगतात. सांगोत बापडे. ज्या मुलखात माय लेकराला ‘माह्या पोटचा’ म्हणते, तिथं पोट्टा पोटातून आला हे मी सोडणार नाही. त्यासाठी संस्कृतापर्यंत पायपीट कशाला?

बाईंचा पहिला प्रश्न राहिलाच. पोटनिवडणूक, जोडून, एकच शब्द, पोटखराब्यासारखा. आणि मुलांना हेही सांगा: निवडणूक लिहिताना णू दीर्घ, पण पोटनिवडणुकीत, पोटनिवडणुकीचा लिहिताना णु ह्रस्व.